जोकर म्हणजे भीतीच

'द डार्क नाइट' (२००८) मधल्या जोकरला सगळे 'अराजक' म्हणतात. मला तो भीती वाटतो. त्याला नाव नाही, गाव नाही. तोंडावरच्या व्रणांची गोष्टसुद्धा तो प्रत्येकाला वेगळी सांगतो. भीतीचंही तसंच. कुठून आलीस विचारलं, की दर वेळी नवं कारण पुढे करते.

दोन बोटींचा प्रसंग आठवा. एकीत कैदी, दुसरीत साधी माणसं, आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. साध्या माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि बहुमत निघालं बटण दाबायच्या बाजूने! पण ते हातात घेतल्यावर दाबवेना. तिकडे एका धिप्पाड कैद्याने तर ते खिडकीतून फेकूनच दिलं. भीती चिठ्ठीवर जिंकली, हातात आल्यावर हरली.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलमध्ये एक मोबाइल हरवला. संशय एका मुलीवर. तिला खोलीत ठेवायचं का, यावर आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मीही 'नको' लिहिलं. माझा तिच्यावर संशय नव्हता हो. माझं अक्षर कुणी ओळखलं तर, एवढीच भीती. चार दिवसांनी मोबाइल गादीखाली सापडला. ती तोवर घरी निघून गेली होती.

कन्फेशनमध्ये मी हे सांगितलं. तिथे चिठ्ठी चालत नाही, स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं. तिला फोन करायचा मात्र अजून बाकी आहे.

त्या बोटींवर बॅटमॅन नव्हता, हे विसरू नका.