आक्काची फाईल

दाजींची फाईल जाड आहे. निळ्या प्लॅस्टिकची, बटण लावायची. आत रिपोर्ट तारखेवार लावलेले: क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी. सोप्यातल्या कपाटात तिची जागा ठरलेली आहे आणि घरातलं लहान पोरही तिला हात लावत नाही. आक्काचा मात्र एकच कागद आहे, दवाखान्यातून सोडताना मिळालेलं कार्ड. ऑपरेशनला तीन वर्षं झाल्यावर मी ते बघायला मागितलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलेल्या रेशनकार्डाच्या पिशवीतून ते काढून घेऊन आली. चार घड्या पडलेलं, कोपऱ्यावर तेलाचा डाग. खालच्या बाजूला लिहिलं होतं, दर वर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं. तीन वर्षांत ते एकदाही तपासलं गेलं नव्हतं.

एकाच बाईच्या दोन किडन्या आज दोन माणसांच्या पोटात काम करताहेत. एकीची खबर आम्ही दर महिन्याला घेतो. दुसरीची खबर डाळीच्या डब्याखाली होती.

गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं, उसाचं. दाजींच्या किडन्या साखरेनं गेल्या. आठवड्यातून तीन दिवस कोल्हापूरला डायलिसिस, पहाटेची एसटी, परतताना अंगात त्राण नाही. असं सव्वा वर्ष काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं कुणी किडनी देत असेल तर बघा. त्या रात्री सोप्यात बैठक बसली. दाजींचे दोन धाकटे भाऊ होते, थोरला मुलगा होता, चुलते होते, मी होतो. एका भावाचा रक्तगट जुळत होता. तो खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत बसला. मुलाचं नाव निघायच्या आत त्याची आजी म्हणाली, त्याचं अजून लग्न व्हायचंय. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून आक्का उभी होती. ती म्हणाली, "मी देतो की. मला काय धाड भरलीया?"

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी देतो. त्या एका वाक्यानं सोप्यातल्या सहा पुरुषांचा जीव भांड्यात पडला. त्यांतला एक मी होतो. सख्खा भाऊ असून मी तिला बाजूला घेऊन एवढंही विचारलं नाही, की आक्का, तुला भीती वाटत नाही ना? मी आज जे लिहितो आहे ते त्या गप्प बसण्याचं देणं आहे.

हे आमच्या एका घरापुरतं असतं तर मी ते घरातच मिटवलं असतं. राष्ट्रीय अवयव व ऊतक प्रत्यारोपण संस्थेची, म्हणजे नोटोची आकडेवारी सांगते, की २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ५६,५०९ जणांनी जिवंतपणी अवयव दिला, बहुतेकांनी किडनीच. त्यांत ३६,०३८ बायका होत्या. आणि ज्यांना अवयव मिळाले, त्यांत पुरुष ३९,४४७ आणि बायका १७,०४१. किडनीचा आजार बायकांत कमी असतो म्हणून हे असं झालं, असं कुणी म्हणू नये. जगभरच्या पाहणीत तो बायकांत कमी आढळत नाही. देण्याच्या रांगेत बाई पुढं आणि घेण्याच्या रांगेत बाई मागं, हे आजारानं ठरवलेलं नाही. ते आपल्या सोप्यांतल्या बैठकांनी ठरवलेलं आहे.

कायद्याला हे ठाऊक आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्याच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाकडून पक्की करून घ्यावी. नियम करणाऱ्यांनी आपलं घर नीट ओळखलं होतं. पण बंद खोलीत "स्वखुशीनं देताय ना?" असं विचारलं, तर बाहेरच्या बाकावर सासू आणि पोरगा बसलेला असताना बाई काय सांगणार? आक्का "व्हय" म्हणाली. ते "व्हय" खोटं होतं असं मी म्हणत नाही. दाजींवर तिचा जीव आहे. पण "न्हाई" म्हणायची जागा आम्ही तिला ठेवलीच नव्हती, आणि जिथं नाही म्हणता येत नाही तिथल्या होकाराला दान म्हणायचं हे मला कबूल नाही.

आणि हीच बाई माहेरी आपल्या बापाला किडनी द्यायला निघाली तर? मग नवऱ्याची सही मागतात. कायद्यात तशी अट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाला २०२२ साली ते सांगावं लागलं. नवऱ्याला द्यायची असेल तेव्हा मात्र तिच्या माहेराला कुणी विचारत नाही. म्हणजे तिच्या पोटातल्या अवयवाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे आपण मनाशी पक्कं धरलं आहे.

माझं हे वाचून कुणी किडनी द्यायला कचरू नये, म्हणून वैद्यकाची बाजूही सांगतो. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये झालं, जुळ्या भावांत. किडनी देणारा रोनाल्ड हेरिक त्यानंतर ५६ वर्षं जगला. नीट तपासून निवडलेला दाता चांगला जगतो. उरलेली किडनी हळूहळू आपलं काम वाढवते आणि दोघींनी मिळून जे काम व्हायचं त्याच्या सुमारे ७० टक्के एकटी उचलते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन-चार दिवसांत घरी जाता येतं. पण पोटाचे स्नायू भरून यायला वेळ लागतो, म्हणून सहा आठवडे वजन उचलायचं नाही. पुढं आयुष्यभर वर्षातून एकदा तपासणी, रक्तदाबावर नजर, आणि दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात पंधरा वर्षांत दहा हजार दात्यांमागे सुमारे ३१ जणांची उरलेली किडनी निकामी झाली. तेवढ्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत हे प्रमाण सुमारे चार होतं. धोका थोडा आहे, पण आहे, आणि तो वेळेवर ओळखायचा तर तपासणीशिवाय मार्ग नाही.

घेणाऱ्याचं आयुष्यही सोपं नसतं. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या तशाच राहतात. शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी गोळ्या जन्मभर, बारा तासांच्या अंतरानं, एकही न चुकवता. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून पाणी उकळून, माणसांची गर्दी टाळून राहावं लागतं. दाजींसाठी आम्ही हे सगळं केलं. त्यांच्या खोलीला नवा रंग दिला, दाराशी हात धुवायला साबण ठेवला, सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर मोबाईलवर लावला. बघायला येणारे फळं घेऊन येत आणि दारातूनच दाजींना नमस्कार करून जात. तोंडाला फडकं बांधून उकळलेलं पाणी आत नेऊन देणारी आक्काच होती.

अठराव्या दिवशी मी गेलो, तर ती परड्यातून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. एका हातानं भारा धरलेला, दुसरा हात पोटावर दाबलेला. मी धावत जाऊन भारा उतरवला आणि ओरडलो. तेव्हा सासूबाई सोप्यातून म्हणाल्या, "अरं, तिला बरं वाटतंय आता. आणि म्हशी काय सहा आठवडं उपाशी ऱ्हात्यात?" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. मला जास्त भीती त्याचीच वाटते. आजारी दाजी होते, ऑपरेशन दाजींचं झालं, असंच त्या घरानं धरलं होतं. आक्काच्या पोटावरचा छेद हा दाजींच्या उपचाराचा एक भाग होता, जसं सलाईन, जसं इंजेक्शन.

केंद्र सरकारच्या नोकरानं अवयव दिला तर २०२३ पासून त्याला ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. चांगलं आहे. पण पहाटे धार काढून डेअरीला दूध घालणाऱ्या, दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बाईला ४२ दिवस कोण देणार? राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तोही चांगला. तिच्या बुडालेल्या हजेरीचा हिशोब मात्र सरकार करत नाही आणि घरही करत नाही.

हे कोल्हापूर आहे. इथं राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला आपण २६ जूनला हार घालतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पहाटेपासून रांगा लावतो, खणानारळानं ओटी भरतो. आणि त्याच शहरात डायलिसिसच्या खोलीत जी बाई सुईला हात देऊन पडलेली असते, तिच्या नवऱ्याला मी विचारलं, की तुम्ही किडनीसाठी तपासून घेतलं का, तर तो म्हणाला, "आमी कमावणारी माणसं, आमचं कसं जमायचं? तिच्या माहेरच्यास्नी सांगितलंय." मी असं एकाच तोंडून ऐकलेलं नाही.

दुसरी वाट आहे, मेंदू मृत झालेल्या माणसाच्या अवयवांची. कोल्हापूरसाठी त्याची यादी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. हायवेवर अपघात होतो, तरणा माणूस व्हेंटिलेटरवर असतो, डॉक्टर सांगतात की मेंदू संपला. त्या वेळी जवळचे लोक म्हणतात, देह अपुरा कसा पाठवायचा? मग दोन चांगल्या किडन्या पंचगंगेच्या घाटावर राख होतात. ज्यांचा माणूस गेला त्यांच्या दुःखाला मी नावं ठेवत नाही. पण मेलेल्याचा देह पुरा राहावा म्हणून आपण जिवंत बाईचा देह कापतो, हे आपल्याला दिसायला हवं. नोटोनं ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यांना कळवलं, की मृत दात्याचे अवयव देताना बायकांना अग्रक्रम द्या. पण यादीत अवयवच आले नाहीत, तर अग्रक्रम कशाला देणार?

गेल्या महिन्यात मी आक्काला शहरात तपासायला आणलं. दुपारच्या धारेला परत पोचायचं या अटीवर ती आली. डॉक्टरांनी हाताला पट्टा गुंडाळला, दाब मोजला, पुन्हा मोजला. १६० वर १००. गोळ्या कुठल्या घेता, विचारलं. तिनं पदराच्या गाठीतून अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली. कंबर दुखते म्हणून गावातल्या दुकानातून आणलेली, दुखण्याची, रोज एक, कधी दोन. डॉक्टर त्या पट्टीकडे बघत राहिले. मग रक्त आणि लघवी दिली. क्रिएटिनिन थोडंसं वाढलेलं निघालं, हाताबाहेर गेलेलं नव्हतं. गोळी बंद झाली, दाबाची सुरू झाली, तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

एसटी स्टँडवर तिनं माझा हात धरला. "ह्यास्नी काय सांगू नगंस," ती म्हणाली. "जिवाला लावून घेतील. त्यांची तब्येत नाजूक हाय."

मी तिच्यासाठी बाजारातून एक फाईल घेतली होती, निळ्याच रंगाची. ती घेऊन मी तिच्याबरोबर गावाला गेलो आणि त्याच संध्याकाळी सोप्यात, सगळ्यांच्या देखत, दाजींना सांगितलं.