स्पेनचा ब्लॅकआउट: वीज कमी नव्हती, मग अंधार का झाला?

२८ एप्रिल २०२५, दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटं. स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन अख्खे देश काही सेकंदांत अंधारात गेले. मेट्रो बोगद्यात अडकल्या, सिग्नल बंद, कार्ड पेमेंट बंद. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या जशा संपत गेल्या तसं नेटवर्कही गेलं आणि लोक दुकानांत सेलवर चालणारे रेडिओ शोधू लागले. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी सांगितलं की पाच सेकंदांत १५ गिगावॅट वीज गायब झाली. त्या क्षणीच्या मागणीच्या ती साधारण ६० टक्के होती.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीचा पाऊस. कुणी म्हणालं सायबर हल्ला, कुणी म्हणालं ‘दुर्मिळ वातावरणीय घटना’. हा दुसरा फॉरवर्ड पोर्तुगालच्या ग्रिड कंपनीच्या नावावर फिरत होता. कंपनीने तो आपला नाहीच म्हणून सांगितलं, पण तोपर्यंत तो जगभर पोचला होता. सायबर हल्ल्याचा पुरावा स्पेन सरकारच्या जून २०२५ च्या अहवालात सापडला नाही. आणि गंमत म्हणजे वीज कमीही पडली नव्हती. व्होल्टेज वाढलं म्हणून ग्रिड पडलं. युरोपातल्या ग्रिड चालकांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जो तथ्य-अहवाल दिला, त्यातही मुख्य मुद्दा हाच आहे: एकापाठोपाठ एक वाढत गेलेलं व्होल्टेज.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर एक गोष्ट आधी कळायला हवी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अनेकांची झोप उडवणारी ‘फेजर’ नावाची चीज. घाबरू नका, पेनसुद्धा लागणार नाही.

आकाशपाळण्याचा फोटो

तुमच्या घरातल्या सॉकेटमध्ये ‘२३० व्होल्ट’ म्हणतो ते स्थिर नसतं. ते सेकंदाला ५० वेळा +३२५ पासून -३२५ व्होल्टपर्यंत झुलतं. (३२५ ला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने भागा, २३० येतील.) आलेख काढला तर लाट दिसते, तीच साइन वेव्ह.

आता जत्रेतला आकाशपाळणा आठवा. त्यातला एक पाळणा निवडा आणि तो जमिनीपासून किती उंच आहे तेवढंच बघत राहा. वर, खाली, वर, खाली. ही उंची वेळेनुसार कागदावर काढली की तंतोतंत साइन वेव्ह मिळते. म्हणजे लाट ही मुळात फिरण्याचीच सावली आहे.

आता शेजारी शेजारी दोन आकाशपाळणे, दोन्ही एकाच वेगाने फिरणारे. पहिल्यातला लाल पाळणा दुसऱ्यातल्या लाल पाळण्याच्या थोडा पुढे आहे. तुम्ही फोन काढून फोटो घेतला. एका मिनिटाने परत घेतला. पाळण्यांच्या जागा बदललेल्या असतील, पण दोघांमधला कोन तोच राहील. मग सारखी फिरणारी लाट काढत बसण्याची गरजच काय? एक बाण काढा: लांबी म्हणजे लाट किती मोठी, दिशा म्हणजे ती किती पुढे किंवा मागे. झाला फेजर.

हा चाणाक्षपणा चार्ल्स स्टाइनमेट्झ या इंजिनिअरने १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत मांडला. त्याआधी एसी सर्किट सोडवायचं म्हणजे कॅल्क्युलसची समीकरणं घेऊन बसायचं. स्टाइनमेट्झने बाण संमिश्र संख्यांनी लिहिले आणि पानभर गणित बेरीज-गुणाकारावर आणलं. अकरावीला ‘ऋण एकचं वर्गमूळ शिकून करायचं काय’ असं विचारणाऱ्यांनी आपला फॅन चालू करून वर बघावं. सीलिंग फॅनमधला कंडेन्सर एका वाइंडिंगमधल्या करंटचा कोन दुसऱ्यापेक्षा जवळजवळ ९० अंशांनी पुढे ढकलतो. तो कोन मिळाला नाही तर फॅन नुसता गुणगुणतो, आणि काठीने पातं ढकलल्याशिवाय फिरत नाही. ‘कंडेन्सर गेलाय’ हे वाक्य म्हणजे मराठीतलं सगळ्यात लोकप्रिय फेजर निदान आहे.

न वापरली जाणारी, तरीही लागणारी वीज

व्होल्टेजचा बाण आणि करंटचा बाण एकाच दिशेला असतील तर सगळी वीज कामाला येते. गीझर, इस्त्री असंच वागतात. मोटरमध्ये मात्र करंट मागे पडतो. मग करंटच्या बाणाचे दोन भाग होतात. एक व्होल्टेजच्या दिशेचा, तो पाणी उपसतो. दुसरा काटकोनातला, तो चुंबकीय क्षेत्र उभं करतो आणि परत देतो. या दुसऱ्या भागाची वीज नुसती ये-जा करते. तिचं नाव रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर.

आकडे सोपे धरू. पंपाला कामाची वीज ३ किलोवॅट आणि ये-जा करणारी ४ किलोव्हार लागते. तार मात्र ७ ची नाही, ५ ची भरते, कारण बाण काटकोनात आहेत आणि ३, ४, ५ हा पायथागोरसचा त्रिकोण आहे. शेतीपंपाला कपॅसिटर बसवा असं महावितरण का सांगत असतं, त्याचं कारण हेच. कपॅसिटरचा बाण उलट्या दिशेचा असतो. तो मोटरची ये-जा जागेवरच भागवतो, तारेवरचा भार हलका होतो आणि पडलेलं व्होल्टेज वर येतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. कपॅसिटर व्होल्टेज वर नेतो. आणि ४०० किलोव्होल्टची शेकडो किलोमीटर लांब लाइन, तिच्यावर भार कमी असला की, स्वतःच एक भलामोठा कपॅसिटर बनते.

त्या अर्ध्या तासात काय झालं

स्पेनमध्ये त्या दुपारी निम्म्याहून जास्त वीज सौर होती. १२ वाजून ३ मिनिटांनी ग्रिड हेलकावे खाऊ लागलं. १२.१९ ला दुसरा हेलकावा आला, याची लय सुमारे ०.२ हर्ट्झ, म्हणजे पाच सेकंदांना एक झोका. युरोपच्या एका टोकाचे ‘आकाशपाळणे’ दुसऱ्या टोकाच्या तुलनेत किंचित पुढे-मागे होत होते.

ग्रिड चालकांनी पुस्तकाप्रमाणे उपाय केले. फ्रान्सला जाणारी वीज कमी केली, देशातल्या काही जास्तीच्या लाइन जोडल्या. हेलकावे शमले. पण लाइन हलक्या झाल्या, जास्त लाइन जोडल्या गेल्या, म्हणजे कपॅसिटर वाढले. व्होल्टेज चढू लागलं.

आता ते खाली कोण आणणार? जुन्या पद्धतीची मोठी जनरेटर ही ये-जा करणारी वीज शोषून घेऊ शकतात, व्होल्टेज बघून कमी-जास्त करू शकतात. त्या दिवशी हे काम करणारी केंद्रं कमी चालू होती, आणि जी होती त्यांनीही अपेक्षेइतकं शोषलं नाही, असं स्पेन सरकारचा अहवाल म्हणतो. सौर आणि पवन प्रकल्पांना तिथल्या नियमाने ‘फिक्स्ड पॉवर फॅक्टर’वर चालायचं होतं. म्हणजे काय? व्होल्टेज आणि करंटमधला कोन कुलूपबंद. व्होल्टेज कितीही चढो, कोन बदलायचा नाही. आधुनिक इन्व्हर्टरला कोन बदलणं मिलिसेकंदांचं काम आहे. हार्डवेअर तयार होतं, नियमाने हात बांधलेले होते.

मग ग्रॅनाडाकडचा एक ट्रान्सफॉर्मर सुटला, नंतर बादाखोस, सेव्हिल भागातले प्रकल्प. हे प्रकल्प कुलूपबंद कोनातही थोडी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषत होते. ते गेले, शोषणं थांबलं, व्होल्टेज आणखी वर, आणखी प्रकल्प सुरक्षेसाठी बंद. निर्मिती गेल्यामुळे फ्रिक्वेन्सी घसरली, तेव्हा आपोआप भार तोडणारी यंत्रणा चालू झाली. भार तुटला तशा लाइन अजून हलक्या झाल्या. म्हणजे वाचवणाऱ्या यंत्रणेनेच व्होल्टेजला पुन्हा वर ढकललं. शेवटी स्पेनचा पाळणा फ्रान्सच्या पाळण्यापासून इतका मागे पडला की जोडणाऱ्या लाइन तुटल्या. संपलं.

‘सौर ऊर्जेने स्पेन बुडवला’ ही हेडलाइन म्हणूनच मला आळशी वाटते. ‘सौरचा काही संबंधच नाही’ हीदेखील तितकीच आळशी. कोन सांभाळण्याचं काम आधी मोठी जनरेटर जाताजाता करून टाकत, वेगळं सांगावं लागत नसे. ती कमी झाली तेव्हा ते काम नव्यांना कुणी लावूनच दिलं नव्हतं. ब्लॅकआउटनंतर जूनमध्ये स्पेनच्या नियामकाने तो नियम बदलायला मंजुरी दिली.

आपल्याकडचा धडा आणि एक फडके

आपण हसायचं कारण नाही. ३० जुलै २०१२, रात्री २ वाजून ३३ मिनिटं. बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची लाइन सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच लाइनवरून सुरुवात होऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिड गेली. ६० कोटींहून जास्त लोकांना फटका बसला. आपलं पश्चिम ग्रिड दोन्ही वेळा तगलं.

त्या लाइनवर ना झाड पडलं होतं, ना तार तुटली होती. रिले व्होल्टेजच्या बाणाला करंटच्या बाणाने भागतो. उत्तर फार लहान आलं तर ‘जवळ कुठेतरी शॉर्ट झालाय’ असं समजून लाइन तोडतो. त्या रात्री भार इतका होता की करंट वाढला, व्होल्टेज दबलं, भागाकार लहान आला. रिलेने गणित बरोबर केलं, अर्थ चुकीचा काढला. लाइन सुटली तशी वीज पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे जाऊ लागली, दोन टोकांमधला कोन ताणत गेला, आणि ग्रिड फाटलं.

कोन का ताणतो? वीज पुढे असलेल्या टोकाकडून मागच्या टोकाकडे वाहते, आणि किती वाहते ते कोनाच्या साइनवर ठरतं. ३० अंशांना कमाल क्षमतेच्या निम्मी. ६० ला ८७ टक्के. ७० ला ९४. बघा, दहा अंश वाढवून फक्त सात टक्के मिळाले. ९० नंतर तर कोन वाढला की वीज उलट घटते. म्हणून ग्रिडच्या तब्येतीचा सगळ्यात खरा आकडा मेगावॅट नाही, कोन आहे.

पण शेकडो किलोमीटरवरच्या दोन ठिकाणांचा कोन मोजायचा कसा? दोन्ही फोटो एकाच क्षणी निघायला हवेत. ५० हर्ट्झला एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंशांची चूक. इथे एक मराठी आडनाव येतं. ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी खरगपूरला शिकलेले अरुण फडके. त्यांनी आणि जेम्स थॉर्प यांनी केलेल्या कामातून १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये पहिलं फेजर मेजरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू, तयार झालं. दोघांना २००८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. युक्ती कोणती, तर जीपीएस. तुमच्या फोनमधला निळा ठिपका ज्या उपग्रहांच्या घड्याळांवर चालतो, त्याच घड्याळांवर पीएमयू आपली वेळ लावतं. एक मायक्रोसेकंद चूक म्हणजे फक्त ०.०१८ अंश.

जुनी स्काडा यंत्रणा काही सेकंदांनी एकदा आकडे आणते, तेही कोनाशिवाय. पाच सेकंदांचा झोका तिला दिसणार कसा? चार सेकंदांना एक फोटो काढून क्रिकेटची मॅच बघण्यासारखं आहे ते. पीएमयू सेकंदाला २५ किंवा ५० बाण पाठवतं. २०१२ च्या चौकशी समितीने ही यंत्रणा लवकर बसवा असं सुचवलं, आणि त्यानंतर देशभर हजाराहून जास्त पीएमयू बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला.

सोलापूरकरांना यात एक खास मान आहे. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिण भारताचं ग्रिड वेगळ्या लयीत फिरत होतं. चंद्रपूरजवळच्या भद्रावतीला वीज एसीची डीसी, डीसीची परत एसी करून पलीकडे दिली जायची. डीसीला कोनच नसतो, त्यामुळे जुळवण्याचा प्रश्न नाही. त्या रात्री रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि देश एका लयीत आला. असं जोडताना दोन्ही बाजूंचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि कोन जुळलेले लागतात. कोन चुकीचा असताना ब्रेकर टाकला तर दोन आकाशपाळणे फिरता फिरता वेल्डिंग करून जोडल्यासारखा दणका बसतो.

आता प्रश्न पुढचा. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या सौर क्षमतेने १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. आपल्याकडचा नियम स्पेनच्या जुन्या नियमापेक्षा बरा आहे: मोठ्या सौर-पवन प्रकल्पांनी गरजेप्रमाणे कोन बदलून, पॉवर फॅक्टर ०.९५ च्या दोन्ही बाजूंनी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर द्यायला हवी. पण कागदावरचा नियम आणि वाळवंटातला इन्व्हर्टर यांत अंतर असतं. राजस्थानच्या सौर पट्ट्यात २०२२ पासून एका झटक्यात हजार मेगावॅटहून जास्त निर्मिती सुटण्याचे प्रसंग अनेकदा घडलेत. दर वेळी ग्रिडने ते पचवलं. स्पेनच्या ग्रिडनेही २८ एप्रिलच्या आधी बरंच काही पचवलं होतं.