उंदराचे पोट आणि रुग्णाचा कोठा

औषधनिर्मिती कंपन्यांचे प्रतिनिधी आमच्या हाती जी माहितीपत्रके ठेवून जातात, त्यांत अम्लपित्त, ग्रहणी व अतिसार यांवरील कल्पांपुढे एक वाक्य वारंवार छापलेले आढळते : प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध. ते वाचून आपल्या व्यवसायबंधूंपैकी काहींची छाती फुगते, तर काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. पहिल्यांना वाटते, आता आधुनिकांचे तोंड बंद झाले. दुसरे विचारतात, संहितोक्त द्रव्याला उंदराचे प्रमाणपत्र कशाला हवे? आमच्या मते दोघेही मूळ प्रश्न टाळतात. उंदराला नेमके काय विचारले होते आणि त्याने कशाचे उत्तर दिले, हे पाहिल्याविना त्या वाक्याला मान देता येत नाही आणि ते फेकूनही देता येत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत 'पित्त झाले' म्हणून येणाऱ्या रुग्णांची रांग ज्यांच्या दारी रोज लागते, त्या वैद्यांना तर हा प्रश्न टाळून चालणारच नाही.

प्राण्यावर परीक्षा करणे ही कल्पना आपल्याला परकी आहे, असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषयुक्त अन्नाची परीक्षा पशुपक्ष्यांवरून करण्यास सांगितले आहे. चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, कोकिळेचा स्वर बिघडतो, अशी लक्षणे तेथे दिली आहेत. मात्र त्या परीक्षेची मर्यादा आचार्यांनी ओलांडली नाही. चकोराचे डोळे पाहून अन्नात विष आहे की नाही, एवढेच ठरवायचे; राजाला उपचार कोणता द्यायचा, हे चकोराला विचारायचे नाही.

आता जठरातील जंतूंकडे वळू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये रुग्णांच्या जठरातून जो जंतू वाढवून दाखवला, तो पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने प्रसिद्ध झाला. जठरव्रण ताणतणावाने आणि आम्लाने होतो, असे मानण्याचा तो काळ. मार्शल यांनी डुकरांच्या पिलांना संसर्ग करून पाहिला, तो जमला नाही. अखेर 1984 मध्ये त्यांनी स्वतःच त्या जंतूंचे द्रावण प्राशन केले. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यात जठराचा दाह स्पष्ट दिसला. 2005 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. ही कथा सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते : मार्शल यांना जठरदाह झाला, व्रण झाला नाही. त्या प्रयोगाने जंतू आणि दाह यांचा संबंध दाखवला. व्रणाचा संबंध पुढे रुग्णांवरील दीर्घ अभ्यासांतून, जंतू नष्ट केल्यावर व्रण पुन्हा उद्भवत नाही हे पाहून पक्का झाला.

पुढे प्राणी मिळाले. पण तेही एका सुरात बोलले नाहीत. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरात सिडनी येथे निवडलेला वाण चांगला रुजला, दाहही झाला. परंतु माणसासारखा व्रण किंवा कर्करोग सहसा दिसेना. मंगोलियन जर्बिल या वाळवंटी प्राण्यात मात्र व्रण झाले आणि 1998 मध्ये जपानी संशोधकांनी त्याच प्राण्यात जठराचा कर्करोगही दाखवून दिला. जंतू तोच, क्षेत्र बदलले की व्याधीचा मार्ग बदलला. माणसांतही हेच दिसते. भारतात या जंतूचा संसर्ग प्रौढांत अतिशय व्यापक आहे, तरी जपानच्या मानाने जठराच्या कर्करोगाचे प्रमाण येथे कमी आहे. हे वाचून 'आमचा प्रकृतिविचार सिद्ध झाला' अशी आरोळी ठोकण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. बीज आणि क्षेत्र यांचा विचार आपल्याकडे आहे, हे खरे. पण कोणत्या प्रकृतीत कोणता परिणाम होतो, हे आपण मोजून दाखवलेले नाही.

पटकीचा इतिहास आम्हांला याहूनही बोधक वाटतो. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला, पण तो खाऊ घालून प्राणी आजारी पडेनात. पुढे त्यांनी गिनिपिगला आधी सोडा देऊन जठरातील आम्ल निष्प्रभ केले, अफूने आतड्यांची गती मंद केली आणि मग जंतू दिले. तेव्हा कोठे संसर्ग झाला. मंदाग्नीवर अर्धे आयुष्य बोलणाऱ्या वैद्याने या प्रयोगाकडे थोडे थांबून पाहावे. आम्ल आणि जाठराग्नी एकच, असे आम्ही म्हणत नाही. तरीही आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवणाऱ्या औषधांनी आतड्यांच्या काही संसर्गांचा धोका वाढतो, हे आज आधुनिक वैद्यकही मान्य करते. शंखभस्म, कपर्दिकभस्म आणि सोडा महिनोन्महिने चालू ठेवणाऱ्या आपल्या चिकित्सकांनीही हे ध्यानात घ्यावे.

कॉख यांच्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, त्याच कलकत्त्यात, शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तो भाग द्रवाने टम्म फुगला. 1953 चा हा प्रयोग आणि 1959 मध्ये जंतूंविना केवळ त्यांच्या गाळलेल्या द्रवाने मिळालेला तोच परिणाम, यांतून पटकीचे विष आतड्यातच काम करते हे सिद्ध झाले. प्रश्न अचूक होता, म्हणून सशाने उत्तर अचूक दिले.

आपल्या औषधांबाबत असे नेमके प्रश्न विचारणारी माणसे महाराष्ट्रात झाली आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये गुळवेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांचे उंडुक बांधून पोटात जंतुसंसर्ग घडवला आणि गुळवेलीने शरीराच्या प्रतिकारावर काय परिणाम होतो ते पाहिले. गुळवेल जंतुनाशक आहे का, हा प्रश्नच नव्हता. रसायन द्रव्य जंतूला न मारता यजमानाला सावरते का, हा होता. मुंबईतच वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने 2009 मध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्याचा अभ्यास छापला. तपासलेल्या सहा जीवाणूंपैकी एकही त्या काढ्याने मेला नाही. केवळ जंतुनाशकता पाहणाऱ्याने तेथेच बेलाला नापास केले असते. परंतु जीवाणूंचे पेशीला चिकटणे आणि पेशीत शिरणे त्याने कमी झाले, पटकीच्या विषावरही परिणाम दिसला. हा अभ्यास काचपात्रातील होता. पुढे त्याच संस्थेने 2015 मध्ये पेरूच्या पानांचा अर्क उंदरांच्या आतड्यातील संसर्गावर वापरला, तेव्हा तो संसर्ग लवकर निवळला. पायरीपायरीने चाललेले हे काम आम्हांला आदर्श वाटते.

याउलट पदव्युत्तर प्रबंधांची पाने उलटली की मन खट्टू होते. उंदराच्या जठराचे खालचे तोंड बांधायचे, ही 1945 मध्ये शे यांनी रूढ केलेली पद्धत. किंवा मद्यार्क पाजून व्रण करायचा. मग आपला कल्प द्यायचा, व्रण कमी मोजायचे आणि निष्कर्षात लिहायचे : अम्लपित्तावर प्रभावी. काही तासांत घडवलेला तो व्रण आणि वर्षानुवर्षे विदग्धाजीर्णातून वाढलेले अम्लपित्त एक कसे? ऊर्ध्वग अम्लपित्तात छर्दी हे प्रमुख लक्षण. आणि उंदराला उलटी मुळी होतच नाही! अतिसाराचे प्रयोग तर आणखी मौजेचे. एरंडतेल पाजून द्रवमल आणायचा आणि तो थांबला की अतिसार जिंकला म्हणायचे. एरंडतेलाने होते ते विरेचन, हे आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अशा प्रयोगांतून औषधाची सुरक्षितता किंवा क्रियेचा एखादा धागा कळतो, त्याचे मोल आहे. व्याधीचे नाव मात्र त्यावर चिकटवू नये. शिवाय द्रव्याची ओळख आधी पटायला हवी. सातपुड्यातून येणाऱ्या पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली असेल, तर उंदराने दिलेले उत्तर कोणत्या झाडाविषयीचे मानायचे?

प्राण्यांच्या वेदनेचा मुद्दाही आहेच. 1960 चा कायदा आणि 1998 चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची अनुमती लागते. 2023 मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांखेरीज अन्य पद्धतींनाही स्थान दिले. ज्या प्रयोगाचे उत्तर निरुपयोगी ठरणार हे आधीच दिसते, तो करणे ही निव्वळ हिंसा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खानदेशात यामुळे काय बिघडते, ते सांगतो. शेवभाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाणारा शेतकरी छातीत जळजळ सांगत येतो. आपण तिखटाला दोष देतो, सूतशेखर, कामदुधा लिहून देतो. 'प्रयोगसिद्ध' गोळीही जोडतो. त्याला बरे वाटते. सहा महिन्यांनी तो पुन्हा येतो, तेव्हा वजन घटलेले असते. तिखट सोडल्याने हेलिकोबॅक्टर जात नाही. 1994 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा जंतू कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. काळा मल, रक्ताची उलटी, गिळताना अडणे, अकारण वजन घटणे, पांडुता, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर पुडी बांधण्यापूर्वी दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. धुळे आणि जळगाव दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे चिठ्ठी देऊन रुग्ण पाठवण्यात वैद्याचा कमीपणा कसला?

आणि संशोधन? त्यासाठी आपल्याकडे उंदरांपेक्षा मोठे धन आहे, ते म्हणजे आपले रुग्ण. दोन्ही जिल्ह्यांतील वैद्यांनी अम्लपित्ताचे एकच रुग्णपत्रक वापरावे, असे आम्ही सुचवतो. त्यात प्रकृती, अग्नी, कोष्ठ, आहार, वेदनाशामक गोळ्यांची सवय, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि धोक्याची वरील लक्षणे असावीत. शक्य त्या रुग्णाची हेलिकोबॅक्टरसाठी मलातील प्रतिजनाची तपासणी चिकित्सेपूर्वी आणि चिकित्सा संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करावी. रक्तातील प्रतिद्रव्याची तपासणी येथे कामाची नाही. जंतू गेल्यावरही ती दीर्घकाळ होकारार्थी राहते. आम्लरोधक गोळ्या तपासणीपूर्वी दोन आठवडे बंद हव्यात, अन्यथा जंतू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. लक्षणे शमली पण जंतू राहिला, असे निघाले तर तेही तसेच लिहावे, आणि जंतुनाशक चिकित्सेसाठी रुग्णाला वेळेवर पाठवावे. अशा नोंदींतून जो प्रश्न उभा राहील, तो घेऊन मग शिरपूरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाकडे जाता येईल. पत्रकाचा कच्चा मसुदा आम्ही करीत आहोत. कोष्ठपरीक्षेचे रकाने कसे असावेत, याविषयी मात्र ज्येष्ठ वैद्यांच्या सूचना लेखी हव्या आहेत.