कड आधी पाहावी, गोलाई मग काढावी

जिन्याच्या पायरीची गोलाई बिघडली की दोष मिस्त्रीच्या हाताला लागतो. खरं तर बहुतेक वेळा घोळ आधीच, दुकानाच्या काउंटरवर पेट्या बुक होताना झालेला असतो. मालक नमुना पाहतो तो वरून. चकाकी पाहतो, डिझाइन पाहतो, भाव पाडून घेतो. कडेने टाइल कोणी बघतच नाही. आणि ज्याला ती बघून कळलं असतं, त्याला बोलावणं जातं ते माल साइटवर उतरल्यावर.

मराठवाड्यातल्या पूर्णेसारख्या गावात हा घोळ जास्त होतो, त्याला कारण आहे. इथल्या जुन्या घरांत खाली शहाबादी, ओट्याला कडप्पा. शहाबादी घासणाऱ्या मिस्त्र्यांकडून पुढच्यांना जी विद्या मिळाली, ती एका गृहीतावर उभी आहे: वर आहे तेच आत आहे. शहाबादीची कड कार्बोरंडमच्या वडीने कितीही घासा, आत तोच करडा दगड. कोट्याचं तेच, ग्रॅनाइटचं तेच. हात दगडावर बसला आणि मोरबीहून पोर्सिलेनच्या टाइल येऊ लागल्या. पोर्सिलेन हे गृहीत मानत नाही.

बाजारात सगळ्यालाच व्हिट्रिफाइड म्हणतात, पण कडेच्या कामासाठी त्यात तीन जाती वेगळ्या धराव्या लागतात. जीव्हीटी (ग्लेज्ड व्हिट्रिफाइड) किंवा पीजीव्हीटीवर (तीच, पॉलिश केलेली) छपाई आणि ग्लेज मिळून एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिची कड ग्राइंडरने गोल केली की छापील इटालियन मार्बलच्या मधोमध पांढुरकी पट्टी उघडी पडते, अर्ध्या निघालेल्या स्टिकरसारखी. मग रंग लावा, इपॉक्सी भरा, पहिल्या पावसाळ्यात पायाखाली ते जातंच. डबल चार्जमध्ये वरचा रंगीत थर साधारण तीन-चार मिलिमीटरचा असतो. तिथे वरच्या कडेला तीन मिलिमीटरपर्यंतची हलकी गोलाई खपून जाते. पूर्ण हाफ राउंड काढायला गेलात तर दोन थरांची सीमारेषा पायरीच्या तोंडावर सरळ दिसते. फुल बॉडीत रंग आरपार असतो, गोलाई घ्यावी ती तिच्यावर. तिथेही वरच्या शिरा छापील असतील तर त्या कडेपाशी तुटणार, हे मालकाला आधी सांगून ठेवलेलं बरं.

दुकानात तुटका तुकडा नसतो असं होत नाही. तो मागून घ्या, कड ओली करा आणि उजेडात बघा. ओल्या कडेवर थर लपत नाहीत.

जीव्हीटी घेऊन झालीच असेल तर गोलाईचा हट्ट सोडावा. रेडिमेड स्टेप टाइल मिळते, नोजिंग आणि खाचा कारखान्यातूनच आलेल्या. धातूची प्रोफाइल पट्टी बसवता येते. ४५ अंशांत मायटर मारून रायझरला जोडता येते, मात्र ती धार पॅडने थोडी मोडावी, नाहीतर पोराच्या नडगीला लागते. आमचं मत विचाराल तर पायरीच्या तोंडाला ग्रॅनाइटची पट्टी देणं सगळ्यांत टिकाऊ. जुनाट दिसते म्हणून मालक नाक मुरडतात, मुरडू द्या.

आता हातातल्या कामाकडे. गोल खांबाला, बेसिनला किंवा कमोडच्या बुडाला टाइल बसवताना वळणदार काप घ्यावा लागतो, तेव्हा घाई नडते. पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा काढा. पॉलिश केलेल्या टाइलवर पेन्सिल उमटत नाही, आधी मास्किंग टेप लावून त्यावर रेघ मारा. पातळ, अखंड काठाचं डायमंड ब्लेड घ्या. पहिला फेरा जेमतेम दोन मिलिमीटर खोल, ग्लेजची बाजू वर ठेवून. सरळ ब्लेड वळणात अडकतं, म्हणून रेघेच्या बाहेर आडवे काप देत फाकी एकेक करून पाडायच्या आणि उरलेले एक-दोन मिलिमीटर घासून रेघेवर यायचं. आतल्या कोपऱ्यात मात्र काप कधीच काटकोनात थांबवू नये. तिथे आधी डायमंड कोअर बिटने भोक पाडावं. मोठ्या मापाच्या टाइलमध्ये भट्टीतून निघताना राहिलेला ताण असतो, आणि टोकदार कोपरा दिसला की तडा तिथूनच सुरू होतो. ब्लेड कापायचं सोडून नुसतं तापायला लागलं तर दाबू नका. मऊ विटेत दोन-चार काप मारा, गुळगुळीत झालेला थर झिजून हिरे पुन्हा उघडे पडतात.

गोलाई एका झटक्यात निघत नाही. आधी ४५ अंशांचा उतार, मग त्याच्या दोन्ही कडांना आणखी एकेक, आणि उरलेले कंगोरे ५० नंबरच्या पॅडने एकात एक मिसळायचे. पुढे १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. चकाकी शेवटच्या पॅडने येते असं पोरांना वाटतं. ५० नंबरचे ओरखडे १०० ने काढले नसतील तर ३००० ते फक्त चमकवून दाखवतो. दर पॅडनंतर कड फडक्याने कोरडी करून मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहा. ओल्या कडेवर सगळंच छान दिसतं.

वेगाचं कोणी बोलत नाही. आपला चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, आणि रेझिनचे पॉलिश पॅड साधारण चार-साडेचार हजारांच्या आतले असतात. पॅड लवकर जळतो म्हणून कंपनीला शिव्या देण्याआधी पॅडच्या पाठीवर छापलेला आकडा वाचावा. वेग कमी-जास्त करता येणारं ओलं पॉलिशर महाग आहे खरं, पण जळालेल्या पॅडचे पैसेही मिस्त्रीच्याच खिशातून जातात.

ओट्याच्या कडेला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पोर्सिलेन पाणी पीत नाही, अर्धा टक्काही नाही, हे खरं; पण तिच्या पोटात बंद सूक्ष्म छिद्रं असतात आणि घासलं की ती उघडतात. पॉलिश टाइलच्या वरच्या पृष्ठभागावर कारखान्यात बहुधा नॅनो थर बसवलेला असतो, तुमच्या गोलाईवर तो नसतो. आठवड्याभरात हळदीची पिवळी रेघ कडेवर बसते आणि घरातल्या काकू मिस्त्रीला फोन लावतात. आत मुरणारं सीलर तिथे लावूनच काम सोडा. पायरीची गोष्ट उलटी: ४०० नंबरला थांबा. ओल्या पायाखाली आरशासारखं नोजिंग म्हणजे घसरणं.

आणि धूळ. मराठवाड्यात मे महिन्यात पाणी टँकरने येतं, त्यामुळे कोरडं कापायची सवय लागली. पोर्सिलेनच्या धुळीत सिलिका असते, तोंडावरच्या रुमालातून ती सहज आत जाते. सिलिकोसिस बरा होत नाही, एक्स-रेवर तो टीबीसारखा दिसतो आणि कित्येकदा औषधंही टीबीचीच चालू राहतात. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर बंदी घातली, ती ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं गेली म्हणून. पोर्सिलेन त्या बंदीत नाही, पण म्हणून ती कोरडी कापावी असं होत नाही. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिसची नोंद होती. पण साइटवरचा मिस्त्री कारखान्यात मोडत नव्हता. पाणी फार लागत नाही, झाकणाला भोक पाडलेली बाटली घेऊन हेल्पर शेजारी बसला तरी भागतं. सोबत एन-९५ मास्क असावा. पण साधा ग्राइंडर पाण्यासाठी बनलेला नसतो. सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीपेटीच्या काड्यांनी खोचून ओलं काम करायचं म्हणजे मरण ओढवून घेणं. ओल्या कामाचं मशीन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही असल्याशिवाय बाटली उघडू नये.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि दर मात्र स्क्वेअर फुटाचा. २० पायऱ्या, प्रत्येकी ४ फूट, म्हणजे ८० रनिंग फूट कड. ४०० पर्यंतचे चार पॅड एकदाच फिरवले तरी हाताखालून ३२० फूट जातात, कापणं आणि उतार वेगळे. ही कड फरशीच्या दरात फुकट घालू नका. कोटेशनमध्ये गोलाई रनिंग फुटाने वेगळी लिहा, तिच्याखाली टाइलची जात लिहा, आणि पेट्या बुक होण्याआधी तो कागद मालकाच्या हातात द्या.