माहूत पळाला, हत्ती उरला

"दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर? अरे टाकून दे ना! त्याच्या ग्राफिक्स कार्डाचे आता ड्रायव्हर पण येत नाहीत."

हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारे बहुतेक वेळा आपल्यातलेच, म्हणजे आयटीवाले असतात. ज्यांना ड्रायव्हर म्हणजे काय हे चांगलं ठाऊक आहे, तेच हे सर्वात सहजपणे बोलतात. म्हणून आज जरा वाद घालायचा मूड आहे :)

या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवलेल्या आहेत. कॉम्प्युटर जुना झाला, ही एक. त्याचा ड्रायव्हर येत नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट काळ करतो. कपॅसिटर फुगतात, पंख्याचं बेअरिंग खरखरायला लागतं, त्याला इलाज नाही. दुसरी गोष्ट मात्र काळ करत नाही. ती कुठल्यातरी ऑफिसात, कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरते. आणि आपण मात्र ती पाऊसपाण्यासारखी नैसर्गिक आहे असं समजून मान डोलावतो.

जे आयटीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हत्ती. ताकद भरपूर, पण तो विंडोजची किंवा लिनक्सची भाषा बोलत नाही. ड्रायव्हर हा त्याचा माहूत. ऑपरेटिंग सिस्टिमने "ही खिडकी इथून तिथे सरकव" म्हटलं की ते हत्तीला कळेल अशा खुणांमध्ये सांगायचं, हे त्याचं काम. माहूत गेला तर हत्ती मरत नाही. तो तिथेच उभा असतो, धडधाकट. फक्त हलत नाही.

विंडोजमध्ये हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर', रुंद मॉनिटरवर ताणलेली जाडजूड अक्षरं, आणि व्हिडिओ लावला की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. कार्ड शाबूत आहे, वीज खातंय, पंखाही फिरतोय. काम मात्र शून्य.

आता लिनक्सवरचा प्रकार बघा. समजा तुमच्याकडे २००९ च्या आसपासचं मशीन आहे. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं जीफोर्स ९४०० जीटी किंवा जीफोर्स २१०. या पिढीसाठीचा शेवटचा ड्रायव्हर म्हणजे ३४०.१०८, डिसेंबर २०१९ चा. त्यानंतर दुकान बंद. तुम्ही आजचं लिनक्स टाकता आणि हा ड्रायव्हर बसवायला जाता. आधी सिस्टिमसोबत आलेला नूव्हो हा ड्रायव्हर बाजूला करायचा. मग इन्स्टॉलर चालवायचा. तो तुमच्या कर्नलसाठी मॉड्यूल कंपाइल करायला बसतो आणि इथेच घोडं पेंड खातं. २०१९ नंतर कर्नलमधल्या कितीतरी फंक्शनांची नावं बदलली, काही गायबच झाली. स्क्रीनभर एरर. मग कुठल्यातरी भल्या माणसाने केलेला पॅच शोधा, लावा, पुन्हा कंपाइल करा. शनिवार संपता संपता डेस्कटॉप दिसतो. पुढच्या महिन्यात कर्नल अपडेट होतो, आणि पुन्हा काळा पडदा!

यावर ठरलेलं उत्तर असतं, "लिनक्सवाले सारखे बदल का करतात मग?" प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ आहे. लिनक्स कर्नल आपला आतला इंटरफेस कायम राखण्याचं वचनच देत नाही आणि हे कधीच लपवलेलं नाही. पण जो ड्रायव्हर कर्नलच्या झाडात आहे, ज्याचा सोर्स उघडा आहे, तो तुटत नाही. कारण फंक्शन बदलणाऱ्यानेच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे असा तिथला रिवाज आहे. बंद ड्रायव्हरला कुणी हात लावू शकत नाही, म्हणून तोच तेवढा मागे राहतो. म्हणजे कार्डाला म्हातारपण आलेलं नसतं, त्याच्या कुलपाला गंज चढलेला असतो.

विंडोजवर तर तो पॅचचा मार्गही नाही. ६४ बिट विंडोज एरवी योग्य डिजिटल सही नसलेला कर्नल ड्रायव्हर लोडच करत नाही. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण मग सही करणाऱ्याने हात वर केले की विषय संपला.

बरं, हे काही फक्त पुराणकाळातल्या कार्डांचं नाही. २०१० साली आलेल्या फर्मी पिढीचा ३९० मालिकेचा ड्रायव्हर २०२२ च्या अखेरीस थांबला. २०१२ च्या केप्लर पिढीचा आधार २०२४ मध्ये संपला. या केप्लर पिढीतलंच जीटी ७१० हे कार्ड २०२० सालीही नवं कोरं, सीलबंद डब्यात विकलं जात होतं. ज्याने ते तेव्हा घेतलं त्याच्या दृष्टीने कार्ड चार वर्षांचं, कंपनीच्या दृष्टीने बारा वर्षांचं. आणि आता पाळी आली आहे जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १०८० या २०१६ च्या पास्कल पिढीची. त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. विंडोजवर ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. कॉलेजात असताना घरच्यांच्या मागे लागून आपल्यापैकी किती जणांनी हीच कार्डं घेतली होती, आठवा जरा.

आता कंपन्यांची बाजू. मी रोज पोटासाठी कोडच लिहितो, त्यामुळे जुना कोड सांभाळणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. प्रत्येक जुन्या कार्डासाठी टेस्टिंगचं मशीन ठेवा, माणूस ठेवा, सुरक्षेचं भोक सापडलं की सहा पिढ्यांमध्ये बुजवा. फुकट होत नाही हे. वीस वर्षं अपडेट द्या असं माझं म्हणणंच नाही. थांबायचं तर खुशाल थांबा. पण जाताना घराची किल्ली तरी देऊन जा! तुम्ही राहणार नाही, दुसऱ्याला राहू देणार नाही, आणि वर कुलूप घालून जाणार, याला व्यवहार म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

"पण ड्रायव्हरमध्ये दुसऱ्या कंपन्यांचा परवान्याने घेतलेला कोड असतो, व्यवसायाची गुपितं असतात." असेल. त्याचं उत्तर २००७ मध्येच मिळालेलं आहे. त्या वर्षी एएमडीने, एटीआय ताब्यात घेतल्यानंतर वर्षभरातच, आपल्या ग्राफिक्स चिप्सची माहिती लोकांसाठी खुली करायचं जाहीर केलं. जुना बंद ड्रायव्हर जसाच्या तसा उघडा केला नाही. रजिस्टर कुठलं, कशासाठी, हे सांगणारी कागदपत्रं टप्प्याटप्प्याने दिली आणि नव्या खुल्या ड्रायव्हरला हातभार लावला. परवान्याची अडचण अशी बाजूने वळसा घालून सुटते. सोडवायची असेल तर.

फळ काय मिळालं? रेडिऑन एचडी ५४५० घ्या. फेब्रुवारी २०१० चं, अगदी साधं, स्वस्तातलं कार्ड. विंडोजसाठी त्या मालिकेचा अधिकृत ड्रायव्हर एएमडीनेच २०१५-१६ मध्ये थांबवला. म्हणजे एएमडी काही सोवळ्यातली नाही, तिनेही तेच केलं. पण तेच कार्ड आजच्या लिनक्समध्ये खोचा. काही डाउनलोड नाही, काही कंपाइल नाही. मशीन सुरू होतं आणि मॉनिटर आपल्या पूर्ण रिझोल्यूशनला येतो, कारण ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसामध्ये आधीच आहे. त्याच कंपनीचं, तेच कार्ड. बंद माहूत पाच-सहा वर्षांत पळाला, खुला माहूत पंधरा वर्षांनंतरही कामावर हजर. याहून स्वच्छ पुरावा मला तरी सुचत नाही.

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी हाच प्रयत्न लोकांनी कंपनीच्या मदतीवाचून केला. नूव्हो म्हणजे बाहेरून कार्डाच्या हालचाली बघून, अंदाज बांधत लिहिलेला ड्रायव्हर. तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. अक्षरशः हत्तीच्या पायाचे ठसे बघून त्याची भाषा शिकण्याचा प्रकार! पण २०१४ च्या जीटीएक्स ९७०-९८० पासून कंपनीची सही असलेलं फर्मवेअर असल्याशिवाय कार्ड आपला वेग वाढवूच देत नाही. त्यामुळे नूव्होवर ही कार्डं, आणि पास्कलसुद्धा, चालू होतानाच्या मंद गतीवरच अडकतात. बारा सिलिंडरची गाडी, कायम पहिल्या गिअरमध्ये. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपलं कर्नल मॉड्यूल खुलं केलं तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण ते २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. ज्यांना खरी गरज होती ते उंबऱ्याबाहेरच. लिनस टॉर्व्हाल्ड्सने जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. तो असभ्यपणा होता हे मान्य. पण राग कुठून आला होता हे जुन्या कार्डावर ड्रायव्हर बसवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

"ठीक आहे रे, पण एवढं काय त्यात? नवीन कार्ड पाच-सात हजाराला येतं."

येतं. तुम्हाला आणि मला. पण तालुक्याच्या ठिकाणी लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं करणारा डीटीपीवाला डोळ्यासमोर आणा. त्याचं मशीन, त्याचा प्रिंटर, त्याचं जुनं सॉफ्टवेअर, सगळ्याची घडी एकमेकांत बसलेली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्याचा प्रोसेसर स्वीकारत नाही, लिनक्सवर जावं तर कार्ड रुसलेलं. त्याच्यासाठी एक कार्ड बदलणं म्हणजे एक कार्ड बदलणं नसतं. कार्डामागून मदरबोर्ड, मग रॅम, मग सगळंच.

आणि आपल्या कंपन्यांचे ते सीएसआरचे कार्यक्रम! ऑफिसातले उतरवलेले कॉम्प्युटर जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यायचे, सरपंचांच्या हस्ते नारळ, मुलांबरोबर फोटो. दोन वर्षांनी त्या मशीनचं काय झालं हे बघायला कोण जातं? ज्या मशीनचा ड्रायव्हर संपत आलाय ते दान करणं म्हणजे दूध आटलेली गाय दान करणं आहे. पुण्य आपल्याला, वैरण शाळेने बघायची.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. त्याच वर्षीचे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि माल रिसायकल होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. दोन्ही चांगलंच आहे. पण चालतं कार्ड निव्वळ ड्रायव्हरपायी कचऱ्यात गेलं, आणि मग आपण ते फार व्यवस्थित रिसायकल केलं, यात कौतुक कसलं? स्क्रू उघडता येणं म्हणजे दुरुस्तीचा हक्क, ही व्याख्या सायकलसाठी पुरेशी आहे. कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे.

म्हणून मागणी एवढीच: ज्या दिवशी आधार थांबवाल, त्या दिवशी चिपची कागदपत्रं खुली करा, आणि सहीचं फर्मवेअर लागत असेल तर वेग बदलण्यापुरतं तरी ते मोकळं करा. एवढं केलंत तर पुढचं लोक बघून घेतील. जगभर बघतच आलेत.

तोवर आपल्या हातात काय आहे? जुनं मशीन कुणाला 'टाकून दे' म्हणण्याआधी कार्डाची पिढी कुठली ते शोधा. जुनं रेडिऑन असेल तर लिनक्सवर बहुधा काहीच करावं लागणार नाही. जीफोर्स ८, ९, २०० मालिका असेल तर ३४० च्या नादी न लागता नूव्होच ठेवा. ऑफिसचं काम, टायपिंग, ब्राउझिंग यांना तो पुरतो. चालू पडदा काळा झाला तर नोमोडसेट हा पर्याय देऊन एकदा बूट करून बघा. जुन्या विंडोजचा चालणारा ड्रायव्हर आजच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, उद्या तो पानावर असेलच असं नाही. अपेक्षाही माफक ठेवा. २००९ च्या कार्डात यूट्यूबचे आजचे व्हीपी९ आणि एव्ही१ व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअरच नाही, ते कुठलाच ड्रायव्हर आणून देणार नाही. आणि नवीन कार्ड घ्याल तेव्हा गेममध्ये किती फ्रेम मिळतात याच्या जोडीला याचा ड्रायव्हर खुला आहे का, हाही प्रश्न दुकानदाराला विचारा. तपकीर गल्लीतला दुकानदार आज चमकून बघेल. पन्नास गिऱ्हाइकांनी विचारलं की उत्तर पाठ करून ठेवेल.

असो. पटलं तर बघा. नाहीच पटलं, तर तुमच्या माळ्यावरचं जुनं कार्ड टाकण्याआधी मला एक फोन करा. मी घेऊन जाईन :)