तुलाच्या पाषाणांची जबानी

मेक्सिकोतील हिदाल्गो प्रांतात तुला येथे, सुमारे इसवी सन 900 ते 1150 या काळात ज्यांची राजधानी नांदली, त्या टोल्टेक लोकांविषयी आपण जे निःशंकपणे बोलतो, ते बहुतांशी त्यांच्या पश्चात सत्तारूढ झालेल्या ॲझ्टेकांच्या दरबारी कथनावर आधारलेले आहे. टोल्टेक कुळाची सनद मिरविणाऱ्या याच ॲझ्टेकांच्या इत्झकोआत्ल राजाने पंधराव्या शतकात जुन्या चित्रपोथ्यांचे दप्तर जाळविले. आणि पुढे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने जे सुवर्णयुग ऐकून टिपले, त्यात कापूस झाडावरच नाना रंगांचा पिकत होता! (असे भाट कोणत्या देशात नाहीत?) पिसेधारी सर्पदेव केत्झलकोआत्लचे नाव धारण करणारा पुरोहित-राजा तोपिल्त्झिन नरबलीस विरोध करून पूर्वेकडे निघून गेला, ही कथा मोहक खरी, परंतु तुलाच्या पिरॅमिडवरील साडेचार मीटरहून उंच, छातीवर फुलपाखराकृती कवच ल्यालेले पाषाणयोद्धे आणि तेथील भित्तिशिल्पांत हृदये भक्षिणारे गरुड निराळीच जबानी देतात, आणि माझ्या मते तीच अधिक ग्राह्य होय. ॲझ्टेकांना मात्र दोन्ही हवे होते. त्यांनी कथाही सांगितली आणि तुलाचे अवशेष उकरून तेथील शिल्पेही उचलून नेली.