'डोंगर हीच भिंत' : एका लाडक्या गैरसमजाचा प्रतिवाद

१/ परभणीतल्या दुर्गप्रेमी तरुणांच्या समूहांत सध्या एक चित्रफीत फिरत आहे. मागे सह्याद्रीचे कडे आणि त्यावर ठळक अक्षरांत विधान : 'महाराजांनी घाट बंद ठेवले म्हणून स्वराज्य टिकले, आज हिमालयात रस्ते बांधणारे शत्रूला वाट करून देत आहेत.' हे विधान इतिहास म्हणून चूक आणि धोरण म्हणून घातक आहे. हा धागा त्याच्या प्रतिवादासाठी.

२/ या मताची थट्टा करून भागणार नाही, कारण ते केवळ समाजमाध्यमांवरचे मत नाही. सीमाभाग अविकसित ठेवला तरच तो सुरक्षित राहतो, म्हणून तिथे रस्ते व धावपट्ट्या बांधू नयेत, असे स्वतंत्र भारताचे धोरण अनेक वर्षे होते. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये संसदेतच याची कबुली दिली.

३/ आधी पुराव्याकडे वळू. 'घाट बंद' मताचे समर्थक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा दाखला देतात. गडाची वाट सुगम असू नये, असल्यास मोडून झाडी वाढवावी, असे त्यात आहे, हे खरे. परंतु हा नियम गडाच्या अखेरच्या चढणीचा आहे. राज्यातल्या घाटांचा नव्हे. शिवाय त्याच प्रकरणात अडचणीच्या वेळेसाठी चोरवाटा राखून ठेवण्याचीही आज्ञा आहे. ती कोणी उद्धृत करत नाही.

४/ त्याच आज्ञापत्रात सावकार हे राज्याची शोभा आहेत, त्यांना आणून पेठा वसवाव्यात, असा उपदेश आहे. घाट बंद असते तर या पेठांत माल आकाशातून उतरला असता काय? नाणेघाटापासून पारघाटापर्यंत सह्याद्री हा शतकानुशतके वाहता राहिलेला डोंगर आहे. तिथल्या चौक्या जकातीसाठी होत्या, आणि बंद वाटेवर जकात मिळत नाही.

५/ आता १६५९. अफझलखान वाईस आहे, महाराज प्रतापगडी. ग्रँट डफ सांगतो की महाराजांनी खानासाठी जावळीच्या अरण्यातून झाडी तोडून मार्ग काढून दिला आणि बाकीच्या वाटा रोखल्या. शत्रूसाठी रस्ता बांधणे हाच त्या मोहिमेतला डाव होता. आणि प्रतापगड तरी कुठे आहे? पारघाटावर नजर ठेवून. १६५६ साली ही जागा निवडणाऱ्याला वाट बुजवायची नव्हती, ती मुठीत ठेवायची होती.

६/ फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड. शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान कोकणात उतरताना कोंडला गेला. अरण्य दोघांनाही सारखेच होते. फरक इतकाच की त्या अरण्यात महाराजांची माणसे हव्या त्या ठिकाणी हव्या त्या वेळी पोहोचू शकत होती आणि खानाची पोहोचू शकत नव्हती. विजय या हालचालीचा आहे. त्याचे श्रेय आपण कड्यांना देऊन मोकळे होतो.

७/ म्हणून माझे म्हणणे असे : पर्वत कोणाचेही रक्षण करत नाही. पर्वतात ज्याला वेगाने हलता येते, त्याच्या बाजूने तो उभा राहतो. हे सूत्र सोडले की काय होते, ते पाहायला नागपूरमार्गे हिमालयात जावे लागेल.

८/ डिसेंबर १९४३. प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तीतून देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना निघाली : 'नागपूर योजना', १९४३ ते १९६३. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही आजची उतरंड तिथलीच.

९/ मुख्य रस्त्यांची लांबी ठरवण्यासाठी एक सूत्र होते. शेतीच्या क्षेत्राच्या दर ५ चौरस मैलांमागे १ मैल, बिगरशेती क्षेत्राच्या दर २० चौरस मैलांमागे १ मैल. दोन ते पाच हजार वस्तीच्या प्रत्येक गावासाठी १ मैल, त्याहून मोठ्या गावासाठी ५ मैल. पुढील वाढीसाठी भर, आणि रेल्वेमार्गाची लांबी वजा.

१०/ परभणीकराला हे गणित परके नाही. आपल्याकडे दळणवळण पिकामागे आणि पेठेमागे आले. हिंगोली (१९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात) ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी १९०३ साली उठली. पूर्णा–हिंगोली रेल्वे १९१२ साली आली. फौज होती तोवर रूळ नव्हते, ते आले तेव्हा कापसाची पेठ तेवढी उरली होती.

११/ मैदानी मुलखासाठी हे गणित न्याय्यच होते. पण ज्या डोंगरात शेती नाममात्र आणि मोठे गाव एकही नाही, त्याच्या वाट्याला या सूत्रातून काय येणार? संरक्षणासाठी लागणारे रस्ते राष्ट्रीय महामार्गाच्या व्याख्येत होते; सूत्रात 'सीमा' नावाचे पदच नव्हते. योजनेचे एकूण उद्दिष्ट १९६१ च्या सुमारास, मुदतीपूर्वीच, पार पडले. आणि पुढच्याच वर्षी युद्ध आले.

१२/ दरम्यान पलीकडे काय चालले होते? १९५७ साली चीनने सिंक्यांग–तिबेट रस्ता पूर्ण केला, तोही अक्साई चीनमधून. आपल्या नकाशातल्या भूमीवरून परक्याचा महामार्ग गेला. तिथे आपला रस्ता नव्हता, म्हणून आपला वावर नव्हता, आणि वावर नसल्यामुळे वेळीच विरोधही झाला नाही. 'बंद दार' कोणासाठी बंद होते, याचे उत्तर इथेच मिळते.

१३/ ऑक्टोबर १९६२, नामका चू. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ वी ब्रिगेड थाग ला कड्याखालच्या नदीकाठी पसरली होती. मोटारीची वाट मागे तवांगला संपली होती. तिथून पुढे जवान पायी गेले आणि शिधा व दारूगोळा विमानातून टाकावा लागला. त्यातला बराचसा दऱ्यांत गेला. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. शौर्यात उणे नव्हते, वाट नव्हती.

१४/ 'रस्ता नसता तर शत्रू आत आलाच नसता' म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर नीट वाचावा. से ला खिंडीमागे आपला एकच रस्ता होता. चिनी तुकड्या बेली ट्रेल या पायवाटेने डोंगर ओलांडून आल्या आणि से ला व बोमडिला यांच्या मधोमध तो रस्ता त्यांनी कापला. शत्रू पायवाटेने येऊ शकला. आपल्याला मात्र परतायला दुसरी वाट नव्हती.

१५/ म्हणजे चूक दुहेरी होती. आधी रस्ताच नाही, आणि नंतर एकुलता एक रस्ता. हिमालयाला हवे ते जाळे : एक वाट तुटली तर दुसरी, दोन खोऱ्यांना जोडणारी आडवी तिसरी. घाटवाटांचे असे जाळे मावळ्यांच्या पायाखाली होते. सह्याद्रीकडून घ्यायचा धडा तो आहे.

१६/ २१ नोव्हेंबर १९६२ : एकीकडे चीनचा एकतर्फी युद्धविराम, दुसरीकडे यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. पण धावायला वाट लागते, हे त्या वाक्याच्या आनंदात विसरतो.

१७/ सीमा सडक संघटना १९६० पासून होती; तिच्या ग्रेफ दलाचे केंद्र तर आपल्या पुण्यात, दिघीला आहे. तरीही जुनी भीती सरली नाही. चीन सीमेवरचे ६१ सामरिक रस्ते २०१२ पर्यंत पुरे व्हायचे होते. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार मार्च २०१६ पर्यंत पुरे झाले २२. कड्यांच्या भरवशावर राहण्याची किंमत ही अशी मोजली जाते.

१८/ एक आक्षेप मात्र मला मान्य आहे : हिमालय ठिसूळ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले. आणि लांब कशाला, प्रतापगडाजवळचा आंबेनळी घाट जुलै २०२१ च्या पावसात दरडींनी तोडला. डोंगराचा स्वभाव न ओळखता केलेला रुंद रस्ता संकटात पहिला बंद पडतो, म्हणजे तो सामरिकही राहत नाही. यातून 'रस्ते नकोत' हे सिद्ध होत नाही. एकाच रुंद रस्त्यावर सारी भिस्त नको, एवढे निश्चित होते.

१९/ आणि सीमेवर राहणाऱ्यांचा विचार या चित्रफितीत कुठे आहे? ज्या गावात आजारी माणसाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठावा लागतो, तिथली कुटुंबे खाली उतरतात. गाव ओस पडले की सीमेवरचे डोळेही गेले. महाराजांची घाटवाट मावळातल्या गावांनी राखली होती, निर्मनुष्य अरण्याने नव्हे.

२०/ पुढच्या मोहिमेत घाटमाथ्यावर उभे राहाल, तेव्हा कड्याचे छायाचित्र अवश्य काढा. मग खाली पाहा आणि मोजा : इथून किती वाटा उतरतात, त्या कुठे मिळतात, त्यांवर कोणत्या गडाची नजर आहे. ती चित्रफीत पुन्हा समोर आली, तर उत्तरादाखल हे मोजमाप टाका. या धाग्यात काही चुकले असेल, तर संदर्भासह जरूर दाखवा.

धागा समाप्त.